बायकांची रात्र, मालकी कुणाची?

स्टाफरूममध्ये डबा खाताना विषय निघाला. आमच्या एका सहकारी बाईंनी चिपेंडेल्सवरची मालिका पाहिली होती. २०२२ साली आलेली, कराचीत जन्मलेल्या कुमैल नानजियानी या अभिनेत्याची. आवाज जरा खाली आणत त्यांनी सांगितलं, अमेरिकेत एक क्लब होता, तिथं पुरुष कपडे उतरवत नाचायचे आणि बायका तिकीट काढून बघायला यायच्या. क्षणभर सगळ्यांचे घास थांबले. मग एकजण म्हणाली, "पण त्या बायका तिथं जायच्या तरी कशाला?" कुणी म्हणालं, पुरुष जातात तशाच. कुणी म्हणालं, पैसा जास्त झाला की असंच होतं. घंटा झाली, आम्ही आपापल्या वर्गात गेलो. प्रश्न मात्र माझ्यासोबत घरी आला.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. पैशासाठी कुणी अंगावरचे कपडे उतरवावेत आणि कुणी ते बघत बसावं, हे मला पटत नाही. नाचणारी बाई असो की पुरुष. पण एखादी गोष्ट पटत नाही म्हणून ती का घडली हे विचारायचंच नाही, अशानं इतिहास कळत नाही. वाईट म्हणून बाजूला सारलेल्या गोष्टींतच कधी कधी माणसाच्या मनातली खरी अडचण सापडते. म्हणून वाचत गेले.

या कहाणीची सुरुवात आपल्या मुंबईपर्यंत येते. चिपेंडेल्सचा संस्थापक सोमेन बॅनर्जी हा १९४६ साली मुंबईत जन्मलेला बंगाली. अमेरिकेत जाऊन त्यानं लॉस एंजेलिसच्या परिसरात पेट्रोल पंप चालवला. तिथं तो 'स्टीव्ह' झाला. १९७०च्या दशकाच्या मध्यात त्यानं शहराच्या पश्चिम भागातला एक बुडीत चाललेला बार घेतला. गिऱ्हाईक यावं म्हणून डिस्को, जादूचे प्रयोग, बायकांची चिखलातली कुस्ती, सगळं करून पाहिलं. शेवटी १९७९ साली त्यानं बायकांसाठी पुरुषांच्या नाचाची रात्र सुरू केली. ही कल्पना सुचवणाऱ्यांत पॉल स्नायडर नावाच्या माणसाचं नाव घेतलं जातं. क्लबमधल्या चिपेंडेल घाटाच्या फर्निचरवरून नाव पडलं, 'चिपेंडेल्स'. थोड्याच दिवसांत बायकांच्या रांगा लागल्या.

बॅनर्जीला धंदा सापडला, एवढं म्हणून थांबता येईल. पण त्या बायका अचानक कुठून आल्या? १९५९ साली का नाही आल्या?

याचं उत्तर क्लबच्या बाहेर आहे. १९७० साली अमेरिकेत कामधंदा करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास होतं. १९८०पर्यंत ते ५१ टक्क्यांच्या वर गेलं. दहा वर्षांत लाखो बायकांच्या हातात स्वतःचा पगार आला. पण पगार हातात येणं आणि तो आपल्या मर्जीनं खर्च करता येणं यात अंतर असतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही नोकरदार बाईला सांगायला नको. तिथंही तसंच होतं. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय कर्ज किंवा क्रेडिट कार्ड द्यायला बँका सर्रास नकार देत. १९७४ साली कायदा झाला, तेव्हा ही आडकाठी बेकायदा ठरली.

बारच्या दाराचाही असाच इतिहास आहे. न्यू यॉर्कमध्ये मॅकसॉर्लीज नावाचा एकोणिसाव्या शतकापासूनचा गुत्ता आहे. तिथं बायकांना आत घ्यायला लागलं ते १९७० साली, तेही प्रकरण कोर्टात गेल्यावर. कॅलिफोर्नियात तर बाईनं बारच्या काउंटरमागं उभं राहून दारूचे पेले भरण्याला कायद्यानं मनाई होती. ती स्वतः परवानाधारक असेल किंवा परवानाधारकाची बायको असेल, तरच सूट. १९७१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ही मनाई रद्द केली. चिपेंडेल्स त्याच राज्यात, त्यानंतर आठच वर्षांनी सुरू झालं.

मासिकांनी आधीच चाचपणी केली होती. एप्रिल १९७२च्या 'कॉस्मोपॉलिटन'मध्ये बर्ट रेनॉल्ड्स या नटाचा विवस्त्र फोटो छापला गेला. पुढच्याच वर्षी 'प्लेगर्ल' हे मासिक निघालं. पुरुषांच्या मासिकांत बायकांचे असे फोटो वर्षानुवर्षं छापले जात होते. आता उलट करून पाहायचं होतं.

म्हणजे १९७९च्या बाईकडे पगार होता, कार्ड होतं, बारचं दारही उघडलं होतं. पण बारमध्ये एकटीदुकटी बसलेल्या बाईकडे लोक बघायचेच. कुणीतरी उठून जवळ यायचं, पेला पुढं करायचं, नको म्हटलं तरी खुर्ची ओढायचं. कायद्यानं दार उघडलं, आतल्या नजरा मात्र होत्या तशाच राहिल्या. चिपेंडेल्समध्ये खेळ चालू असेपर्यंत प्रेक्षक म्हणून पुरुषाला प्रवेश नव्हता. माझ्या समजुतीनं त्या रांगांचं खरं कारण या एका नियमात आहे. स्टेजवर कोण नाचतंय यापेक्षा आपल्या शेजारच्या खुर्चीत कोण बसलेलं नाही, याला किंमत होती.

हे माझ्या मनचे खेळ नाहीत. समाजशास्त्रज्ञांनी या क्लबांमध्ये बसून निरीक्षणं केली आहेत. डेव्हिड पीटरसन आणि पॉला ड्रेसेल यांचा या विषयावरचा निबंध १९८२ सालचा. त्याचं नावच 'इक्वल टाइम फॉर विमेन', म्हणजे बायकांनाही तितकाच वेळ. इतके दिवस पुरुषांनी मजा केली, आता तुमची पाळी, अशाच भाषेत हा खेळ बायकांपुढे मांडला जात होता. ओरडणं, टेबलावर हात आपटणं, नोट पुढं करून नाचणाऱ्याला जवळ बोलावणं, ही बाहेर पुरुषांची मानली जाणारी वागणूक. इथं ती बायका करत होत्या आणि कुणी त्यांना टोकत नव्हतं. नोट दिली की नाचणारा गालावर किंवा ओठांवर चुंबन द्यायचा, ही तर चिपेंडेल्सची ठरलेली पद्धत होती.

पुढं बेथ मॉन्टेमुरो या अभ्यासिकेनं २०००च्या आसपास अशा एका क्लबात जाणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. २००३ साली तिनं आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर या बायकांच्या वागण्यावरून त्यांचे प्रकार पाडून दाखवले. सगळ्या एका कारणानं येत नव्हत्या आणि सगळ्या एकसारख्या वागतही नव्हत्या. पण एक गोष्ट ठळक होती. बाई तिथं सहसा एकटी येत नव्हती. मैत्रिणींचा घोळका यायचा, आणि त्याला काहीतरी निमित्त असायचं. कुणाचा वाढदिवस, कुणाचं लग्न ठरलेलं. ज्या मैत्रिणीसाठी आलो तिला पुढं ढकलायचं, तिची फजिती बघायची, लाजून तिनं तोंड झाकलं की सगळ्यांनी मिळून हसायचं. नजर जितकी स्टेजकडे, तितकीच मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे. क्लॅरिसा स्मिथ या ब्रिटिश अभ्यासिकेनं चिपेंडेल्सच्या खेळाला स्वतः जाऊन २००२ साली लिहिलं. तिचाही भर या सामुदायिक मजेवर, गोंगाटावर, हसण्यावर होता.

पुरुषांच्या क्लबशी याची तुलना करून बघा. तिथला गिऱ्हाईक बऱ्याचदा एकटा येतो, पुन्हा पुन्हा येतो, कोपऱ्यात गप्प बसतो. बायका वर्षातून एखाद्या वेळी येतात, दहाजणी मिळून येतात आणि छप्पर उडेल इतका आवाज करतात. म्हणून बायकांसाठीचे कायमचे क्लब फार थोडे टिकले. गावोगावी फिरणारे खेळ मात्र चालले. हौसेची रात्र रोज नसते.

हे सगळं वाचताना मला वारंवार सोलापूरचं आजोळ आठवत होतं. तुलना ऐकून कुणाला राग येईल, पण आठवलं ते खरं.

आमच्याकडे लग्नाआधी रतजगा असायचा. एका बाजूला गुलगुले तळायचे, दुसऱ्या बाजूला ढोलक. पुरुषमंडळी बाहेर मांडवात. रात्री जेवणं आटोपली की नानी स्वतः उठून आतल्या खोलीच्या दाराला कडी घालायची. मग छोटी खाला खालूंची शेरवानी अंगात घालायची, काजळानं मिशी काढायची, डोक्यावर टोपी, हातात नानांची काठी. आणि घरातल्या एकेका पुरुषाची नक्कल सुरू व्हायची. चहाला उशीर झाला म्हणून ओरडणारे खालू, देण्याघेण्याची यादी वाचणारे वरपिते, पहिल्या रात्री घाम फुटलेला नवरदेव. गाणी हळूहळू अशी होत जायची की आम्हा पोरींना झोपायला पिटाळायच्या. आम्ही गोधडीखालून कान देऊन ऐकायचो. नानी दुपट्ट्याचा बोळा तोंडात धरून हसायची, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तीच नानी दिवसा नानांसमोर मान वर करून बोलत नसे. सकाळी फजरला कडी निघायची आणि सगळ्या पुन्हा आपापल्या जागी. रात्रीचं कुणी काढायचं नाही.

हे काही फक्त आमच्यातच होतं असं नाही. उत्तर भारतात वरात नवरीच्या गावी गेली की मागं राहिलेल्या बायका रात्रभर पुरुषांची सोंगं काढतात. आपल्याकडे मंगळागौरीला बायका रात्र जागवतात. अलीकडच्या काळात नाट्यगृहांत 'फक्त महिलांसाठी' लावणीचे प्रयोग होतात, तिथं साध्या संसारी बायका शिट्ट्या मारतात, खुर्चीवरून उठून नाचतात. त्यांतल्या कुणाला विचारा, नेहमीच्या प्रयोगाला पुरुषांमध्ये बसून शिट्टी वाजवाल का? उत्तर ठरलेलं आहे.

रतजग्यात कुणी अंग उघडं टाकत नव्हतं, हा फरक मोठाच आहे आणि तो मी पुसणार नाही. पण दाराची कडी तीच. पुरुष आजूबाजूला नसताना पुरुषाकडे बघून हसायची मुभा तीच. अमेरिकेच्या शहरांत नानी नव्हती, आतली खोली नव्हती, चुलतमावस बायकांचा गोतावळाही नव्हता. तिथं ही गरज तिकिटावर विकत घ्यावी लागली.

आणि विकत घेतलेल्या गोष्टीला मालक असतो. रतजगा आणि चिपेंडेल्स यांतला दुसरा मोठा फरक हा. पहिल्याइतकाच मोठा.

आतल्या खोलीची कडी नानी घालायची आणि तीच काढायची. चिपेंडेल्सचं दार बॅनर्जीच्या हातात होतं. खेळ संपला की तेच दार पुरुष गिऱ्हाइकांसाठी उघडायचं. बाहेर ते वाटच बघत असत, कारण आत बायकांनी भरलेला, रंगात आलेला हॉल होता. म्हणजे जी बाई स्वतःला प्रेक्षक समजून आली होती, तीच पुढच्या गिऱ्हाइकासाठी आकर्षण झाली होती. धंद्याचं गणित एकाच रात्रीत दोनदा सुटत होतं.

दार सगळ्या बायकांसाठीही सारखं उघडं नव्हतं. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना टाळल्याचा आरोप १९८०च्या दशकात क्लबवर झाला आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. स्वतः कातडीच्या रंगामुळं परक्या देशात परका ठरलेला माणूस दारात उभा राहून रंग बघून निवड करत होता. मुंबईकर म्हणून मला याची लाज वाटली.

आतही सूत्रं बायकांच्या हातात नव्हती. कोणत्या बाईला स्टेजवर घ्यायचं, तिला कुठं बसवायचं, किती जवळ जायचं, हे नाचणारा ठरवायचा. बाई खुर्चीत बसलेली, पुरुष तिच्यापुढं उभा. कुणी फार पुढं गेलं तर तिला आवरायचं कसं, हेही तिथल्या लोकांना ठाऊक असायचं. मॉन्टेमुरोचा २००१चा निबंध याच विषयावर आहे. बेभान वाटणाऱ्या त्या हॉलमध्ये वागण्याचे नियम कसे तयार होतात आणि कसे पाळले जातात, हे तिनं पाहिलं. मोकळीक होती, पण आखून दिलेली.

पोशाखाची गोष्ट तर कोर्टाच्या कागदावर आहे. उघड्या अंगावर फक्त कॉलर, बो टाय आणि मनगटावर पांढरे कफ, ही चिपेंडेल्सची खूण. हा पोशाख मुळातच आमचा वेगळा आहे, असं व्यापारचिन्ह म्हणून मान्य करून घ्यायला कंपनी अपिलात गेली. २०१० साली न्यायालयानं ते नाकारलं. पुरुषांच्या प्लेबॉय क्लबमधल्या 'बनी' म्हणवणाऱ्या तरुणी कॉलर, बो टाय आणि कफ घालून १९६०पासूनच गिऱ्हाइकांना पेले नेऊन देत होत्या, हे त्यातलं महत्त्वाचं कारण. बायकांची म्हणून जी रात्र उभी केली, तिचा पोशाखही पुरुषांच्या रात्रीतून उचललेला निघाला.

आता या धंद्यातल्या पुरुषांचं काय झालं तेही पाहू. कल्पना सुचवणारा पॉल स्नायडर. त्याची बायको डोरोथी स्ट्रॅटन ही प्लेबॉयची मॉडेल आणि नवोदित अभिनेत्री. ती त्याला सोडून निघाली होती. ऑगस्ट १९८०मध्ये त्यानं तिला गोळी घातली आणि स्वतःलाही संपवलं. ती वीस वर्षांची होती. बायकांना मोकळी रात्र द्यायची कल्पना ज्याच्या नावावर सांगतात, त्याला स्वतःच्या बायकोचं मोकळं होणं सहन झालं नाही.

निक डी नोइया हा एमी पुरस्कार मिळवलेला दिग्दर्शक. त्यानं या नाचाला नाटकाची शिस्त आणली आणि खेळ न्यू यॉर्कला नेला. गावोगावच्या दौऱ्यांचे हक्क त्यानं स्वतःकडे घेतले आणि बॅनर्जीशी वाजलं. ७ एप्रिल १९८७ रोजी न्यू यॉर्कमधल्या कार्यालयात त्याला गोळी घालण्यात आली. मारेकरी बॅनर्जीनं पाठवलेला होता. पुढं प्रतिस्पर्धी खेळात गेलेल्या नर्तकांना इंग्लंडमध्ये सायनाइड देऊन मारायचा कटही त्यानं रचला. तो उघडकीस आला आणि १९९३ साली त्याला अटक झाली. त्यानं गुन्हा कबूल केला. ऑक्टोबर १९९४मध्ये शिक्षा सुनावली जायच्या काही तास आधी त्यानं कोठडीत गळफास घेतला.

या खून-कारस्थानांवर पुस्तकं आली, मालिका आल्या. त्यांत बायका असतात त्या मागच्या बाजूला, ओरडणारी गर्दी म्हणून. ज्यांच्या तिकिटाच्या पैशावर हे सगळं उभं राहिलं, ज्यांच्या नावानं ती रात्र होती, त्या त्यांच्याच गोष्टीत नावागावाविना राहिल्या. कुणी त्यांना विचारलं असेल तर ते थोड्या अभ्यासकांनी.

पुरुषांना मात्र त्या ओरडण्याची धास्ती वाटली. १९९७चा 'द फुल मॉन्टी' हा ब्रिटिश चित्रपट पाहा. शेफील्डमधले पोलाद कारखाने बंद पडलेले, पुरुष बेकार. कामगारांच्या क्लबात चिपेंडेल्सचा खेळ लागतो आणि आत फक्त बायकांना प्रवेश. जिथं आपला हक्क होता तिथं आता बायको पैसे देऊन बसली आहे आणि आपण दाराबाहेर, हे त्या नायकाला झोंबतं. ते त्या एका रात्रीपुरतं होतं. बायका तर त्या दाराबाहेर पिढ्यान् पिढ्या उभ्या होत्या.

म्हणून स्टाफरूममधल्या त्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. काहीजणी पुरुषाचं अंग बघायला जात असतील, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बऱ्याचजणी जायच्या त्या एकमेकींबरोबर मोठ्यानं हसायला. कुणी आपल्याकडे बघत नाही याची खात्री असलेली एक जागा त्यांना हवी होती. ती मिळाली, पण भाड्यानं. आणि मालकानं भाडं दोन्हीकडून वसूल केलं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीचं लग्न झालं. रतजग्याच्या जागी आता हॉलमध्ये 'संगीत' होतं. डीजे, रंगीत दिवे, क्रेनवर फिरणारा कॅमेरा, आणि पोरींनी महिनाभर बसवलेले नाच. छोटी खाला सत्तरीला आली आहे. तिनं पिशवीतून खालूंची ती जुनी शेरवानी आणली होती. दोघी-तिघींनी आग्रह केला. ती उठली, हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाली, "पहले मोबाईलां बाहर रखो."

पोरी हसल्या. एकीनं तर तेवढ्यात तिचा व्हिडिओ काढला. खालानं आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग शेरवानीची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी दाराकडे पाहिलं. काचेचं दार होतं, आपोआप उघडणारं. त्याला कडी नव्हतीच.